‘बंद केलंय’ म्हणजे नक्की काय? एक्स-रे मशीन उघडण्याआधीची पाच मिनिटं

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि आकडे ऐकण्यापेक्षा वाचलेले बरे वाटतात त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझं ‘अं... म्हणजे...’ काढून टाकलंय.

आजचा विषय असा: हॉस्पिटलमधलं एक्स-रे किंवा सीटी स्कॅनचं मशीन बिघडतं, सर्व्हिस इंजिनिअर येतो, कव्हर उघडतो, आत हात घालतो. त्या वेळी तो विजेपासून वाचतो कसा? तुमच्यापैकी बरेच जण डिप्लोमा, आयटीआय किंवा बायोमेडिकल करताय, त्यांना हे थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांनीही ऐका, कारण यातला मुख्य मुद्दा घरातल्या मायक्रोवेव्हलाही लागू होतो.

आणि यात माझी स्वतःची एक चूक आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

हिरवी पट्टी आणि काकांचा मीटर

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मशीनमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालणं हे माझं काम नाही. पण काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे आमची टीम एक्स-रे जनरेटरसाठी सर्व्हिस सॉफ्टवेअर लिहायची. लॅपटॉप मशीनला जोडायचा, एरर कोड बघायचे, सेटिंग करायचं, असं ते काम. सॉफ्टवेअर फील्डवर कसं वापरतात ते बघून ये, म्हणून मला एकदा सर्व्हिस टीमबरोबर पाठवलं. सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथलं एक खाजगी हॉस्पिटल. बरोबर आमचे सिनिअर सर्व्हिस इंजिनिअर. वय पन्नाशीच्या पुढे, सगळी टीम त्यांना काकाच म्हणायची.

काकांनी कन्सोलवरून मशीन बंद केलं. भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला, त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. माझ्या लॅपटॉपवर उलटी मोजणी सुरू झाली: तीनशे सेकंद. पाच मिनिटं झाली आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. ‘डीसी बस सेफ’.

मी उत्साहात म्हटलं, “काका, झालं. सेफ दाखवतंय.”

काका म्हणाले, “कोण दाखवतंय?”

“सॉफ्टवेअर.”

“त्याने मोजलं का?”

मी गप्प. कारण तो कोड मीच लिहिला होता आणि उत्तर मला माहीत होतं. त्याने काहीच मोजलं नव्हतं. मशीन बंद झाल्याचा सिग्नल आला की तीनशे सेकंद मोजायचे आणि पट्टी हिरवी करायची, एवढंच तो करायचा. मॅन्युअलमध्ये ‘पाच मिनिटं थांबा’ लिहिलं होतं, म्हणून आम्ही पाच मिनिटं टाकली होती.

काकांनी कव्हर काढलं, रबरी हातमोजे चढवले, मीटरचे प्रोब कपॅसिटरच्या टर्मिनलवर टेकवले. आकडा आला साडेचारशे व्होल्टच्या आसपास.

मेन बंद. कुलूप लावलेलं. स्क्रीन हिरवी. आणि आत साडेचारशे व्होल्ट.

हे कसं झालं, ते समजायला मशीनच्या आत जरा डोकवायला लागेल.

आत वीज कुठून कुठे जाते

आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा सप्लाय येतो. हॉस्पिटलमधल्या मोठ्या एक्स-रे मशीनला थ्री-फेज लागतो, म्हणजे दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट. हा एसी सप्लाय रेक्टिफायरमधून जातो आणि त्याचा डीसी होतो. ४१५ व्होल्टच्या एसीचं शिखर गाठलं की डीसी येतो साधारण ५८५ व्होल्ट. हा डीसी मोठमोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतात. यालाच डीसी बस म्हणतात.

साठवायचं कशाला? कारण एक्स-रे काढताना मशीनला अगदी थोड्या वेळासाठी, सेकंदाच्या छोट्याशा भागासाठी, खूप जास्त पॉवर लागते. लग्नाच्या पंगतीला नळाखाली एकेक भांडं धरत नाही आपण, आधी पिंप भरून ठेवतो. तसंच.

पुढे इन्व्हर्टर येतो. तो या डीसीचा जास्त फ्रिक्वेन्सीचा एसी करतो. मग तेलाने भरलेल्या टाकीत हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर असतो. तिथून एक्स-रे ट्यूबला जाणारं व्होल्टेज असतं ४० ते १५० किलोव्होल्ट. दीड लाख व्होल्टपर्यंत.

आता एक गंमत बघा. एक्स-रे म्हटलं की सगळे घाबरतात रेडिएशनला. पण ट्यूबला मिळणारं हाय व्होल्टेज थांबलं, की त्या क्षणी एक्स-रे थांबतो. खोलीत मागे काही ‘उरत’ नाही. दिवा बंद केल्यावर प्रकाश उरत नाही, तसंच. वीज मात्र उरते. कपॅसिटरच्या पिंपात ती तशीच भरून असते. म्हणजे सर्व्हिसवाल्याच्या दृष्टीने, मशीन बंद झाल्यावर रेडिएशन लगेच गेलेलं असतं आणि शॉक तिथेच वाट बघत असतो.

कपॅसिटरचा हिशेब

बारावीचं एक सूत्र आठवा: ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. उदाहरणासाठी ५,००० मायक्रोफॅरडची बँक धरू आणि व्होल्टेज सरळ ६०० धरू. उत्तर येतं ९०० जूल. तुलनेसाठी सांगतो, थरथरणारं हृदय पूर्ववत करायला छातीवर शॉक देतात ते डिफिब्रिलेटर, त्याच्या जुन्या मोनोफेजिक प्रकारात जास्तीत जास्त ३६० जूल देतात. तेही डॉक्टरने ठरवून, योग्य जागी. इथे ९०० जूल एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून, जायला तयार बसलेत.

ही वीज आपोआप उतरावी म्हणून कपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर लावलेला असतो. त्याला ब्लीडर म्हणतात. पिंपाच्या तळाला ठेवलेलं बारीक छिद्र समजा. ब्लीडर १० किलोओहमचा धरला, तर गुणाकार येतो ५० सेकंद. याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात. दर ५० सेकंदांनी व्होल्टेज साधारण ३७ टक्क्यांवर येतं. ६०० वरून ६० व्होल्टपर्यंत यायला अंदाजे ११५ सेकंद. पाच मिनिटांत दीड व्होल्ट. म्हणजे ‘पाच मिनिटं थांबा’ या सूचनेत भरपूर सूट धरलेली आहे.

हा ६० व्होल्टचा आकडा मी असाच घेतलेला नाही. वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेचं जगभर वापरलं जाणारं स्टँडर्ड आहे आयईसी ६०६०१-१. पुरवठा तोडून कव्हर काढल्यावर आतल्या कपॅसिटरवर किती व्होल्टेज राहिलेलं चालेल, त्याची मर्यादा त्यात ६० व्होल्ट दिली आहे.

पण हा सगळा हिशेब ब्लीडर धड असेल तरच. त्या दिवशी त्या मशीनमध्ये ब्लीडरचं सोल्डर तडकलेलं होतं. वर्षानुवर्षं तो रेझिस्टर तापतो, गार होतो, तापतो, गार होतो. एक दिवस जोड सुटतो. बाहेरून काही दिसत नाही. मशीन चालतंही, कारण एक्स-रे काढायला ब्लीडरची गरजच नसते. छिद्र बुजलंय हे पिंप रिकामं करायला गेल्यावरच कळतं.

आता त्या साडेचारशे व्होल्टला मी हात लावला असता तर? ओल्या, घामेजलेल्या हाताने शरीराचा रोध हिशेबापुरता १,००० ओहम धरू. करंट आला ४५० मिलीअँपिअर. आणि ५,००० मायक्रोफॅरडला १,००० ओहम म्हणजे टाइम कॉन्स्टंट ५ सेकंद. पाच सेकंदांनीसुद्धा एक तृतीयांशापेक्षा जास्त करंट चालूच.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून अजून एक गोष्ट. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डालझिएल नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली वायर माणूस किती करंटपर्यंत स्वतःहून सोडू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं. एसी करंटला पुरुषांची सरासरी आली १६ मिलीअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळले जातात आणि हात सुटत नाही. म्हणजे आपण बोलतोय ते अँपिअरमध्ये नाही, त्याच्या शंभराव्या भागात. घरातला जुना फिलामेंटवाला नाइट लॅम्पसुद्धा याहून जास्त करंट घेतो.

‘बंद’चे किती प्रकार?

परत येताना गाडीत काकांनी मला विचारलं, “मशीन बंद आहे, या वाक्याचे किती अर्थ होतात सांग.” मी एकच सांगितला. त्यांनी बोटं मोजली.

पहिला, कन्सोलचं बटण बंद. यात स्क्रीन काळी होते, आतला एक कॉन्टॅक्टर सुटतो. पण कॉन्टॅक्टरपर्यंत आलेला सप्लाय तसाच जिवंत असतो.

दुसरा, भिंतीवरचा मेन बंद. आता मशीनकडे जाणारी बाजू मेली. पण स्विचच्या वरच्या टर्मिनलवर पॅनेलमधून आलेला सप्लाय आहेच. मेन बंद केलाय म्हणून मेनच्या डब्यातच हात घालणारे लोक असतात.

तिसरा, मेन बंद पण यूपीएस चालू. सीटीसारख्या मशीनचा कॉम्प्युटर आणि काही भाग यूपीएसवर असतो. मेन गेला की यूपीएसला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीत सप्लाय देत राहतो. वॉर्डमध्ये फिरवायचं बॅटरीवालं मोबाइल एक्स-रे मशीन तर प्लग काढल्यावरही पूर्ण ताकदीने उभं असतं. त्यात बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात.

चौथा, लाइटच गेलीय. “लाइट नाहीये तोवर पटकन करून घेऊ,” हे वाक्य आपल्याकडे किती कॉमन आहे! पण हॉस्पिटलला जनरेटर असतो आणि तो बऱ्याच ठिकाणी आपोआप सुरू होतो. तुम्ही आत हात घातलाय आणि काही सेकंदांत सप्लाय परत.

पाचवा, सगळं बंद, पण कपॅसिटर भरलेला. ती आमची केस.

खांबावर चढणाऱ्या लाइनमनचं उदाहरण काका नेहमी देतात. तो आधी परमिट घेतो, म्हणजे सबस्टेशनमधून लाइन बंद केल्याची परवानगी. मग चढल्यावर लाइन अर्थ करतो. कागदावर लाइन बंद आहे, तरी अर्थ करतो. का? कारण कुणाच्या तरी घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल, तर वीज उलटी लाइनवर येऊ शकते. कागदावर भरवसा ठेवून चालत नाही, हे त्याला माहीत असतं.

आणि ‘बंद’ या शब्दाने जीव जातो याचं एक उदाहरण मुंबईतच आहे, जरी ते शॉकचं नसलं तरी. जानेवारी २०१८ मध्ये महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात, रुग्णाबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचलं आणि त्याचा मृत्यू झाला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगण्यात आलं, असं कुटुंबीयांचं म्हणणं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. एमआरआयचा सुपरकंडक्टिंग चुंबक स्कॅन चालू नसताना, रात्री, कॉम्प्युटर बंद असताना, लाइट गेल्यावरसुद्धा चालूच असतो. तिथे रोजच्या अर्थाने ‘बंद’ हा प्रकारच नाही.

मग करायचं काय? क्रमाने

ही पद्धत कारखान्यांतून आलीय. तिला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. अमेरिकेत १९८९ मध्ये तिचा नियम झाला, आणि आता जगभर मशीन सर्व्हिस करणारे ती वापरतात. काकांनी त्या दिवशी जे केलं ते हेच होतं.

एक, सांगायचं. एक्स-रे टेक्निशियनला, हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियनला. मशीन कुणाच्या हातात येऊ शकतं, त्या सगळ्यांना.

दोन, नीट बंद करायचं. आधी कन्सोलवरून, मग मेन. यूपीएस असेल तर तो वेगळा बंद करायचा, बॅटरी असेल तर तिचं कनेक्शन तोडायचं.

तीन, कुलूप आणि पाटी. मेन स्विचला कुलूप लावायचं, वर आपलं नाव, फोन नंबर, वेळ लिहिलेली पाटी. किल्ली स्वतःच्या खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं, ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे. नुसती ‘काम चालू आहे’ची चिठ्ठी चिकटवून भागत नाही. चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने पडते, आणि कुणीतरी चांगल्या मनाने “अरे, स्विच पडलाय” म्हणून वर करतो.

चार, थांबायचं. लेबलवर लिहिलेली मिनिटं पूर्ण. चहा प्यायचा, पण बाहेर.

पाच, मोजायचं. आणि मोजण्याची पण पद्धत आहे. आधी मीटर चालू असल्याची खात्री असलेल्या सप्लायवर लावून बघायचा. मग मशीनवर मोजायचं. मग परत त्या चालू सप्लायवर. मधल्या मोजमापात शून्य आलं, तर ते मशीन मेल्यामुळे आलं की मीटर मेल्यामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. प्रोबची वायर आतून तुटलेली असली तरी मीटर शून्यच दाखवतो.

इथे एक बारकं कलम आहे, नवीन पोरं हमखास चुकतात. कपॅसिटरवर डीसी असतो. मीटर एसीवर ठेवून मोजलंत तर भरलेल्या कपॅसिटरवरही जवळपास शून्य दिसेल. एसीवर आणि डीसीवर, दोन्हीवर मोजा. आणि खिशातला निऑनचा टेस्टर इथे काढूच नका. तो तुमच्या शरीरातून जमिनीकडे करंट गेला तरच पेटतो. जमिनीशी न जोडलेल्या कपॅसिटर बँकेवर तो पेटेलच असं नाही. टेस्टर पेटला नाही, याचा अर्थ फक्त टेस्टर पेटला नाही.

सहा, व्होल्टेज उरलं असेल तर उतरवायचं, पण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून नाही. यूट्यूबवर ठिणगी दिसते, लाइक्स मिळतात. प्रत्यक्षात वितळलेलं तांबं डोळ्यात उडतं आणि कपॅसिटरही बिघडतो. काकांच्या पेटीत एक काठी होती, इन्सुलेटेड, टोकाला वायर आणि मध्ये १ किलोओहमचा जाडजूड रेझिस्टर. ती लावली की ५,००० मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट येतो ५ सेकंद. अर्ध्या मिनिटात मीटर एक-दोन व्होल्टवर. मग शॉर्टिंग वायर लावायची आणि काम संपेपर्यंत तशीच ठेवायची. कारण शॉर्ट करून काढून घेतलेल्या कपॅसिटरमध्ये थोड्या वेळाने व्होल्टेज परत चढू शकतं. आतल्या इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो.

बाकी सवयी साध्या आहेत. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, घड्याळ काढून ठेवायचं. मोजताना जमेल तिथे एकच हात वापरायचा, म्हणजे करंटला छातीतून जायची वाट मिळत नाही. आणि एकट्याने कधीच करायचं नाही. दुसऱ्या माणसाला मेन कुठे आहे आणि सीपीआर कसा देतात, हे माहीत पाहिजे.

“पण आरसीसीबी आहे ना?”

हा प्रश्न मीही विचारला होता. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवतात, ती शॉकपासून वाचवते, मग इथे का नाही?

आरसीसीबी फक्त एक गोष्ट बघते: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का. थोडा जरी जमिनीकडे वळला की ती ट्रिप होते. पण तुम्ही एक हात कपॅसिटरच्या प्लसवर आणि दुसरा मायनसवर ठेवलात तर जमिनीकडे काही जातच नाही. शिवाय मेन बंद असताना ट्रिप करायला ती तोडणार तरी काय? वीज तिच्या पुढच्या बाजूला आधीच साठलेली आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या शॉकचीही तिला खबर लागत नाही.

ती बसवूच नका असं म्हणत नाहीये. ती घरासाठी छान आहे. उघड्या मशीनमध्ये तिच्या भरवशावर हात घालू नका, एवढंच.

हाय व्होल्टेजची केबल आणि फिरणारी सीटी

टाकीपासून ट्यूबपर्यंत जाणारी जाड केबल असते. आत कंडक्टर, मध्ये जाड इन्सुलेशन, वर अर्थ केलेली जाळी. दोन कंडक्टर आणि मध्ये इन्सुलेशन, म्हणजे काय झालं? बरोबर, कपॅसिटर. केबल स्वतःच चार्ज धरून बसते. म्हणून ट्यूब बदलताना केबलचं टोक सॉकेटमधून बाहेर काढलं की पहिल्यांदा तिच्या पिना मशीनच्या अर्थ केलेल्या बॉडीला टेकवतात, मगच पुढचं काम. आणि इथे आपला साधा मल्टीमीटर अजिबात लावायचा नाही. तो जास्तीत जास्त १,००० व्होल्टसाठी बनलेला असतो. किलोव्होल्टला तो मीटर राहत नाही, वाट होतो.

सीटीमध्ये आणखी एक भर पडते. गँट्रीच्या आत ट्यूब आणि जनरेटर गोल फिरतात, आणि फिरत्या भागाला सप्लाय स्लिप रिंगमधून जातो. म्हणजे उघड्या धातूच्या कड्यांवर सप्लाय. शिवाय शेकडो किलोचं वजन फिरतं. म्हणून विजेबरोबर गँट्रीलाही यांत्रिक पिन घालून अडवायचं, मगच आत डोकं घालायचं.

कव्हर लावताना पेशंट आठवा

इथपर्यंत सगळं सर्व्हिसवाल्याच्या जिवाबद्दल झालं. पण काम संपल्यावर तो घरी जातो, आणि त्याच टेबलावर पेशंट झोपतो.

मशीनच्या प्रत्येक पत्र्याला, दाराला हिरवी-पिवळी अर्थ वायर असते. कव्हर काढताना ती सोडवतात. लावताना विसरली, तर? मशीन तरीही चालतं! एक्स-रे छान येतो. फक्त उद्या आत एखादी फेज वायर घासून पत्र्याला लागली, की फ्यूज उडायच्या ऐवजी पत्राच जिवंत होतो. म्हणून काम झाल्यावर अर्थिंगचा रोध मोजतात. कायम जोडलेल्या मशीनसाठी आयईसी ६०६०१-१ मधली मर्यादा आहे ०.१ ओहम. एवढा कमी, की साध्या मल्टीमीटरने मोजायला गेलात तर प्रोबच्या वायरचाच रोध त्याहून जास्त दिसतो. त्यासाठी वेगळा टेस्टर लागतो.

दुसरी टेस्ट लीकेज करंटची. अँजिओग्राफीच्या कॅथलॅबमध्ये एक्स-रेचा सी-आर्म असतो आणि पेशंटच्या हृदयापर्यंत गेलेला कॅथेटर असतो. एरवी कातडी आपल्याला बरंच वाचवते. इथे कातडी ओलांडून थेट हृदयापर्यंत वाट गेलेली आहे. म्हणून हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागांसाठी पेशंट लीकेजची मर्यादा नेहमीच्या स्थितीत फक्त १० मायक्रोअँपिअर आहे. डालझिएलच्या १६ मिलीअँपिअरचा सोळाशेवा भाग. तुम्हाला आम्हाला बोटाने कळणारसुद्धा नाही असा करंट.

सर्व्हिस रिपोर्टवर या दोन आकड्यांच्या रकान्यांत नुसतं ‘ओके’ लिहिलेलं मी पाहिलंय. ‘ओके’ हा आकडा नाही.

माझ्या पट्टीचं काय झालं

परत ऑफिसला आल्यावर मी ती हिरवी पट्टी काढून टाकली. आता पाच मिनिटांनी तिथे पिवळ्या रंगात येतं: ‘वेळ पूर्ण झाली. व्होल्टेज मोजलेलं नाही. मीटरने मोजा आणि आकडा इथे भरा.’ आकडा भरल्याशिवाय पुढचा स्क्रीन उघडत नाही. आणि ६० च्या वर भरला तर डिस्चार्जच्या सूचना येतात.

टीममध्ये यावर वाद झाला. एक जण म्हणाला, “लोक वैतागतील, खोटाच शून्य टाकतील.” टाकतील काही जण. पण मग तो खोटा शून्य त्यांचा असेल. आधीचा खोटा ‘सेफ’ माझा होता, आणि काका नसते तर मीच त्याच्यावर विश्वास ठेवून हात घातला असता. सोल्डर कधी तडकलं कुणास ठाऊक. त्याआधी ते कव्हर कितीदा उघडलं गेलं, याचा विचार मी अजूनही करतो.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना एवढंच सांगेन: जे मोजलं नाही ते स्क्रीनवर मोजल्यासारखं दाखवू नका. टाइमर संपला असेल तर ‘टाइमर संपला’ म्हणा.

आणि जे कोड लिहीत नाहीत त्यांना: घरातला मायक्रोवेव्ह प्लग काढून उघडू नका. त्याच्या आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या आसपास काम करतो, आणि प्लग काढल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

काका पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्यांना या एपिसोडमध्ये बोलवायचा खूप प्रयत्न केला. म्हणाले, “मला माइकसमोर जमत नाही रे, तूच सांग. फक्त मीटर दोनदा तपासायचं सांगायला विसरू नको.” सांगितलं, काका.

तुमच्या कामात असा ‘बंद केलंय’चा अनुभव आला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढे एखाद्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि आयटीआयला असलेल्या मित्राला हा एपिसोड नक्की फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या.